यादीत नाव नाही: स्पर्धा परीक्षेतलं अपयश वाचायचं कसं

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या निकालाची पीडीएफ उघडायची, बैठक क्रमांक टाकून शोधायचा, आणि काहीच सापडत नाही. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकायचा. तरी नाही. तेवढ्यात खाली शास्त्री रोडवर कुणाच्या तरी नावाचा गुलाल उधळायला सुरुवात होते आणि घरून फोन येतो. पुण्याच्या नवी पेठेत, सदाशिव पेठेत, तसंच छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, लातूरच्या अभ्यासिकांमध्ये दर निकालाला हजारो मुलामुलींचा दिवस असाच जातो. जागा काही शेकडे आणि अर्ज लाखांच्या घरात, म्हटल्यावर दुसरं काय होणार? क्लासमध्ये इतिहास शिकवतात, अर्थव्यवस्था शिकवतात. नाव न आल्यावर पुढचे सहा आठवडे कसे काढायचे हे मात्र कुणी शिकवत नाही. इथे तेवढंच आहे.

"अपयश पचवायला शिका" असं सत्काराच्या व्यासपीठावरून सगळेच सांगतात. पचवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आमच्या मते तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिता आली पाहिजेत. पेपरात काय झालं? त्यातलं माझ्या हातात किती होतं? पुढचं वर्ष मी कशात घालणार? ही उत्तरं लिहून होत नाहीत तोवर डोक्यात दोनच वाक्यं आलटून पालटून फिरतात: "माझ्यातच दम नाही" आणि "आयोगाचाच घोळ आहे". उद्या सकाळी कोणतं पान उघडायचं, हे दोन्ही वाक्यांतून कळत नाही.

पहिले तीन दिवस: काहीही ठरवायचं नाही

क्रमांक एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. स्वतः पंधरा वेळा तपासत बसू नका. मग फोनमधले टेलिग्रामचे सगळे ग्रुप दहा दिवसांसाठी म्यूट करा. तिथे त्या रात्री कट-ऑफवरून वाद, कोर्टाच्या अफवा आणि नव्या बॅचच्या जाहिराती एवढंच असतं. मेसचा डबा बंद करू नका. जेवण सुटलं की झोप सुटते, आणि मग चौथ्या दिवशीची उदासी निकालाची किती आणि उपाशी पोटाची किती, हे ओळखता येत नाही.

त्याच संध्याकाळपर्यंत एका माणसाला प्रत्यक्ष भेटून सांगा. सल्ला देणारा नको, ऐकून घेणारा हवा. रूममेटचं नाव यादीत असेल तर पाच मिनिटं जाऊन अभिनंदन करा, पेढा घ्या आणि निघा. मिरवणुकीत थांबायलाच हवं असं नाही. पण तोंड चुकवलंत तर तो अवघडलेपणा खोलीत महिनाभर राहतो आणि अभ्यासाच्या दिवसांतच त्रास देतो.

सर्वांत मोठी चूक या तीन दिवसांतच होते. कुणी दुसऱ्याच दिवशी नवीन क्लासची फी भरतो, कुणी कॉट (खोलीतली भाड्याची खाटेपुरती जागा) सोडून सगळी पुस्तकं रद्दीत देतो. कृती उलट्या असल्या तरी दोन्हींमागे लाजच असते. काहीतरी केलं की लाज थोडा वेळ कमी वाटते, म्हणून माणूस ते करतो. चुकीचं निदान आणि गेलेले पैसे मात्र नंतर वर्षभर सोबत राहतात. म्हणून तीन दिवस फी नाही, राजीनामा नाही, शपथही नाही.

एक गोष्ट मात्र तीन दिवस थांबवायची नाही. झोप पूर्ण उडाली असेल, सगळ्यांशी बोलणं बंद झालं असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे विचार येत असतील, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास सुरू असते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. खोलीतला दुसरा कुणी असं बोलत असेल तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका. त्याच्या घरी कळवा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. "त्याने कुणाला सांगू नको म्हटलं होतं" हे कारण इथे चालत नाही. आणि उदासी दोन आठवड्यांनंतरही तितकीच जड असेल, तर खाली दिलेली कुठलीही आकडेमोड करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

घरी काय सांगायचं

फोनवर चार वाक्यं पुरतात: "बाबा, प्री निघाली नाही. अकरा मार्क कमी पडले. मी ठीक आहे, जेवलोय. पुढे काय करायचं ते पंधरा तारखेला घरी येऊन सांगतो."

(प्री म्हणजे पूर्वपरीक्षा, पहिला टप्पा.) क्रम हाच ठेवा. बातमी आधी सांगा, कारण "कसे आहात, पाऊस झाला का" असं सुरू केलं की पलीकडच्याला आवाजावरून कळतंच आणि ती दोन मिनिटं दोघांनाही जड जातात. आकडा सांगा, कारण आकडा नसला की घरचे स्वतःच्या मनाने काहीही धरतात: पोरगं अभ्यासच करत नव्हतं, नाहीतर मार्क देण्यात काहीतरी गडबड झाली. जेवलोय हे आईसाठी. आणि तारीख द्या, कारण ती नसेल तर "मग आता काय ठरवलंस?" हा प्रश्न रोज येतो आणि रोज तुम्ही वेगळं उत्तर देता.

निकाल अजून लागला नाही असं खोटं सांगू नका. गावातल्या कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर ती पीडीएफ तुमच्या आधी पोहोचलेली असते. शिवाय खोटं एकदा बोललं की ते सांभाळण्यासाठी घरी जाणं टाळावं लागतं, आणि नेमक्या याच दिवसांत घरची दोन दिवसांची झोप सगळ्यात जास्त कामाची असते.

गणपतीत किंवा दिवाळीत भेटणाऱ्या नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवा: "या वेळी नाही झालं मामा, तयारी चालू आहे. तुमचं काय चाललंय?" स्पष्टीकरण देऊ नका. जो खरंच आस्थेने विचारतोय तो नंतर बाजूला घेऊन विचारेल, त्याच्याशी मोकळेपणाने बोला.

मुलींच्या बाबतीत हा फोन अनेकदा "मग यंदा स्थळं बघायला लागू" इथे येऊन थांबतो. इथे भावनेच्या जोरावर वाद घातला तर हार बहुतेक ठरलेली असते. खालच्या पद्धतीने केलेलं पेपराचं विश्लेषण, पुढच्या परीक्षांच्या तारखा, लागणारा खर्च आणि थांबण्याची तारीख असं एका पानावर लिहून आई-वडिलांसमोर ठेवा. घरातला एखादा भाऊ, काका किंवा शिकलेली मावशी आधी विश्वासात घ्या, म्हणजे बोलणी एकटीला करावी लागत नाहीत. मुलग्याला चार प्रयत्न न मागता मिळतात आणि मुलीला दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो. हे अन्यायाचंच आहे. पण त्या वर्षापुरता तो कागद हाताशी असलेला बरा.

पेपर वाचणं

चौथ्या दिवशी प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि आयोगाची अंतिम उत्तरतालिका घेऊन बसा. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. म्हणून हिशेब अंतिम तालिकेवरच करायचा. तीन तास लागतात. एकट्याने करा, मित्रांसोबत नको. सोबत बसलं की ज्या प्रश्नांची वर्तुळं खरं तर अंदाजाने रंगवली होती, ते सगळे "मला येत होतं" मध्ये जातात.

पूर्वपरीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला २, चुकलेल्याला अर्धा गुण वजा. प्रत्येक प्रश्न चारपैकी एका गटात टाका:

- खात्रीने सोडवलेले
- दोन पर्यायांत अडकून एक निवडलेले
- निव्वळ अंदाज
- सोडून दिलेले

हे वर्गीकरण पेपर झाला त्याच संध्याकाळी, कुठलीही तालिका पाहण्याआधी करून ठेवायचं असतं. उत्तर समजल्यावर आठवण बदलते. परीक्षेत वेळ मिळाला तर अडकलेल्या प्रश्नांचे क्रमांक पुस्तिकेतल्या कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवा; कच्चं काम ठरवून दिलेल्या जागीच करायचं असतं, इतरत्र खुणा करू नका. यंदा हे केलं नसेल तर आठवून करा, आणि शंका असेल तिथे प्रश्न खालच्या गटात टाका.

समजा एका परीक्षार्थीचा हिशेब असा निघाला. खात्रीचे ४८ प्रश्न: ३७ बरोबर, ११ चूक. दोन पर्यायांतले २६: १० बरोबर, १६ चूक. अंदाजाचे १६: ३ बरोबर, १३ चूक. सोडलेले १०. एकूण ५० बरोबर, ४० चूक, म्हणजे १०० वजा २०, हातात ८० गुण. कट-ऑफला ११ कमी.

अभ्यासिकेच्या कट्ट्यावर या मुलाचं निदान एका मिनिटात होईल: "निगेटिव्हने घालवलं. चाळीस चुकवलेस. पुढच्या वेळी कमी सोडव." आता गटवार गुण मांडा. खात्रीच्या गटातून ६८.५ आले. दोन पर्यायांच्या गटातून १२. अंदाजाच्या गटातून उणे अर्धा. म्हणजे सगळ्या अंदाजांनी मिळून जेमतेम अर्धा गुण खाल्ला. चुकीला प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापणाऱ्या निगेटिव्हमध्ये पाचातला एक बरोबर आला तरी हिशेब शून्यावर येतो. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी सरासरीने नुकसान होत नाही. कट्ट्यावरचा सल्ला मानून त्याने ते सोळा प्रश्न सोडून दिले असते तर ८०.५ मिळाले असते. नापासच झाला असता.

गळती दोन जागी आहे. पहिली दोन पर्यायांच्या गटात. तिथे २६ पैकी १० बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण १३ आले असते. याचा अर्थ माहिती वाचलेली आहे पण अर्धवट, आणि अर्धवट आठवण आपल्याला चुकीच्या पर्यायाकडे ओढते. याचा उपाय नवीन पुस्तक नाही. आहे तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचणं हा आहे. त्या २६ मधले १६ बरोबर आले असते तर गुण १२ वरून २७ झाले असते.

दुसरी गळती जास्त महत्त्वाची आहे आणि लोक तिच्याकडे बघतच नाहीत: खात्रीने सोडवूनही चुकलेले ११ प्रश्न. यातला प्रत्येक प्रश्न सुधारला तर अडीच गुणांचा फरक पडतो, दोन मिळतात आणि अर्धा कापला जात नाही. पाच सुधारले की साडेबारा. या मुलाची अकरा गुणांची दरी तेवढ्यातच भरली असती. म्हणून या गटातल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहा. कारणं बहुतेक चारच निघतात: प्रश्नातलं "अयोग्य विधान ओळखा" वाचायचं राहिलं, बहुविधानी प्रश्नात शेवटचं विधान घाईत वाचलं, वर्तुळ भलत्याच क्रमांकाचं रंगवलं, किंवा मुळात चुकीचं पाठ होतं. शेवटचं कारण निघालं तर ती चूक कुठून आली तेही शोधा. बरेचदा ती कुणाच्या तरी झेरॉक्स नोट्समधून आलेली असते, आणि त्याच पानांवर आणखी चुका असतात.

ज्या दिवशी "अकरा मार्कांनी गेलं" याच्या जागी "पाच विधानं नीट वाचली नाहीत आणि सोळा गोष्टी अर्ध्या आठवल्या" असं लिहिता येतं, त्या दिवशी छातीवरचं ओझं खरोखर हलकं होतं. वाक्य थोडं लांब झालं एवढंच, पण आता त्यावर काम करता येतं.

सीसॅटचं, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या, कल चाचणीच्या पेपरचं दुखणं वेगळं, त्याचा हिशेब वेगळा करा. हा पेपर आता फक्त अर्हताकारी, म्हणजे पात्रतेपुरता आहे: ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण. पहिल्या पेपरात कट-ऑफ पार करून इथे साठ-बासष्टवर अडकणारे दर वर्षी असतात, आणि त्यांना फार वाईट वाटतं, कारण हे दोन-तीन प्रश्नांचं अंतर असतं. त्यांनी पुढचं वर्ष इतिहास-भूगोल पुन्हा पहिल्यापासून वाचण्यात घालवू नये. रोज ४५ मिनिटं उतारे आणि अंकगणित, घड्याळ लावून, आठवड्यातले सहा दिवस. एवढंच त्यांचं काम आहे.

मुख्य परीक्षेत गेलेल्यांसाठी पद्धत बदलते. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे: मराठी आणि इंग्रजीचे दोन अर्हताकारी पेपर, आणि निबंध, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन असे २५० गुणांचे सात पेपर, एकूण १७५०. इथे उत्तरतालिका नसते, त्यामुळे आठवणच पुरावा. प्रत्येक पेपर झाल्यापासून दोन दिवसांत त्यातली पाच उत्तरं जशी लिहिली होती तशीच पुन्हा लिहून ठेवा, सुधारून नको. किती प्रश्न वेळेअभावी सुटले, किती उत्तरं शेवटी दोन ओळींत गुंडाळली, हेही नोंदवा. गुण हाती आले की ते पेपरनिहाय या नोंदींशेजारी मांडा. एखाद्या पेपरात गुण कमी आणि नोंदीत शेवटचे तीन प्रश्न सुटलेले, तर ते दुखणं लिहिण्याच्या वेगाचं आहे. वाचन वाढवून ते बरं होणार नाही.

मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांना इथे फार सांगण्यासारखं नाही. २७५ गुणांच्या मुलाखतीत थोडं इकडेतिकडे होतं आणि पद जातं. त्यांनी आपले लेखी परीक्षेतले गुण आधी बघावेत. तिथे वीस-तीस गुण जास्त असते तर मुलाखतीवर एवढा भार पडला नसता.

कुणाच्या पदरात किती

आता एका पानाचे तीन रकाने करा: माझ्या हातातलं, व्यवस्थेतलं, योगायोगाचं. या तीन रकान्यांत प्रामाणिकपणे भर घालणं अवघड असतं, पण केल्याशिवाय राहू नका.

व्यवस्थेचा रकाना खोटा नसतो. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा कोरोना आणि इतर कारणांनी पुढे ढकलत ढकलत अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. मधलं वर्षभर मुलं पुण्यातलं भाडं भरत, तीच उजळणी पुन्हा पुन्हा करत बसली. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासूनच लागू होणार होती. विद्यार्थ्यांनी पुण्यात आंदोलन केलं, तेव्हा ती २०२५ वर गेली. अशा वर्षी ज्याचं गणित बिघडलं त्याने सगळा दोष स्वतःच्या माथी घेणं चूक आहे. ते "व्यवस्थेतलं" मध्येच लिहा.

पण दोन खुणांवर लक्ष ठेवा. पहिला रकाना रिकामा असेल तर तुम्ही पुढच्या वर्षी तीच तयारी पुन्हा करणार आहात. आणि बाकीचे दोन रिकामे असतील, सगळं फक्त "मी आळशी, मी मंद" असं असेल, तर तो कागद आज बाजूला ठेवा आणि आठवड्याने पुन्हा लिहा. खचलेल्या मनाने केलेला हिशेबसुद्धा चुकतो. पहिल्या रकान्यात स्वभावाचं वर्णन येऊ देऊ नका. "आळशी" हा शब्द खोडून "मार्चपासून रविवारच्या नऊ टेस्ट दिल्या नाहीत" असं लिहा.

पुन्हा द्यायची की थांबायचं

हे सहाव्या आठवड्यात ठरवायचं, आणि चार आकड्यांवर.

वय. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही मर्यादा आहे. ती शेवटची रेघ आहे, तिथपर्यंत चालत जायलाच हवं असं नाही. तिशीनंतर पहिली नोकरी शोधताना खाजगी क्षेत्रात दारं कमी होत जातात, हे आजच हिशेबात धरा.

पैसे. कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, गावी जाण्या-येण्याचं भाडं यांची खरी मासिक बेरीज करा. समजा ती १०,००० आली. जाहिरात निघण्यापासून अंतिम यादीपर्यंत वर्षापेक्षा जास्त काळ जातो, म्हणून १८ महिने धरा: एक लाख ऐंशी हजार. हे कुठून येणार, आणि त्यासाठी घरात काय थांबणार आहे, बहिणीचं शिक्षण, विहिरीचं काम, तेही शेजारी लिहा. घरचे हे बोलून दाखवत नाहीत, म्हणून आपण विचारायचं.

कट-ऑफपासूनचं अंतर. मागच्या तीन प्रयत्नांचे गुण बघू नका. पेपर सोपा-अवघड होतो तसे गुण वरखाली होतात. आपल्या प्रवर्गाच्या कट-ऑफपासूनचं अंतर बघा. उणे ३०, उणे १८, उणे ७ असं असेल तर वाट बरोबर आहे. उणे ९, उणे ११, उणे ८ असेल तर जरा थांबून विचार करा. दिसायला हे दुसरं गणित यशाच्या जास्त जवळ वाटतं, पण तीन वर्षं तयारी एकाच जागी उभी आहे. "थोडक्यात गेलं" हे शब्द अशा मुलांना सर्वांत जास्त वर्षं अडकवतात.

चौथा आकडा दुरुस्तीचा. काय बदलणार हे एका वाक्यात, क्रियापद आणि संख्या घालून लिहिता येतंय का? "जास्त मेहनत घेईन" हे उत्तर नव्हे. "राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था ऑगस्टअखेर तीनदा वाचीन आणि दर रविवारी एक पूर्ण पेपर देईन" हे उत्तर आहे. असं वाक्य तयार होत नसेल तर पेपर वाचण्याचं काम अजून झालेलं नाही, तिकडे परत जा.

सत्कारात ऐकलेल्या "सहा वेळा अपयश, सातव्यांदा पद" या कथांवर हा निर्णय घेऊ नका. कथा खरी असते. पण सातव्यांदाही राहिलेल्यांना कुणी शाल देऊन बोलायला बोलवत नाही, त्यामुळे ते किती होते हे आपल्याला कधी ऐकू येत नाही.

पुन्हा द्यायचं ठरलं तर थांबण्याची तारीखही त्याच कागदावर लिहा, आणि घरातल्या एका माणसाची सही घ्या. "हा शेवटचा अटेम्प्ट" दर वर्षी तोंडी म्हटलं जातं आणि दर वर्षी पुढे सरकतं. कागदावरची तारीख सरकवायला निदान कुणालातरी विचारावं लागतं.

पुन्हा देणाऱ्यांनी

तयारी पूर्ण मोडून नव्याने बांधू नका. चुकलं तेवढंच बदला. वरच्या हिशेबातले ३७ खात्रीचे प्रश्न ज्या पद्धतीने बरोबर आले, ती पद्धत चांगली आहे. स्रोत वाढवू नका. विषयाला एक मूळ पुस्तक, राज्य मंडळाची पुस्तकं आणि आयोगाचे जुने पेपर एवढ्यावर थांबा.

लहान अपयशाची सवय लावणं हा या वर्षाचा खरा व्यायाम आहे. दर रविवारी, परीक्षेच्याच वेळी, पूर्ण पेपर द्या आणि गुण टेबलासमोर भिंतीवर लिहा, कितीही कमी असले तरी. "अभ्यास पूर्ण झाला की टेस्ट देईन" असं म्हणणारा मुलगा अभ्यासाच्या नव्हे, तर त्या आकड्याच्या भीतीने थांबलेला असतो. मग वर्षात एकदाच, थेट परीक्षा केंद्रावर, त्याची त्या आकड्याशी गाठ पडते. जो तीस रविवार ७२, ६८, ८१ असे आकडे बघतो त्याला केंद्रात पहिले दहा प्रश्न अनोळखी आले तरी हात थरथरत नाही. आयोगाच्याच संयुक्त पूर्वपरीक्षेचा (गट-ब, गट-क पदांसाठीच्या) फॉर्मही भरा: १०० प्रश्न, १०० गुण, एक तास. खऱ्या केंद्रावर, खऱ्या घाईत बसण्याचा सराव होतो, आणि पद मिळण्याचा दुसरा रस्ताही उघडा राहतो.

चुकांची वही वेगळी ठेवा. डाव्या पानावर चुकलेलं विधान, उजव्या पानावर बरोबर विधान आणि चुकण्याचं कारण. दर पंधरवड्याला फक्त उजवं पान वाचा. डावं पुन्हा पुन्हा वाचलं तर चुकीचंच पाठ होतं.

आठवड्यातले सहा तास दुसऱ्या पर्यायाला द्या, आणि ते याच वर्षी द्या. सरळसेवा भरती, बँक, तीन वर्षांच्या एलएलबीची किंवा बीएडची सीईटी, टॅली, एखादी अर्धवेळ नोकरी, जे तुमच्या पदवीला जुळेल ते. दुसरा पर्याय ठेवला की पहिल्यावरचं मन उडतं अशी समजूत पेठांमध्ये पक्की आहे. आम्हाला ती पटत नाही. मागे हटायला जागा नसलेला माणूस परीक्षेत जास्त धाडसी होत नाही. तो प्रत्येक प्रश्नावर दोनदा अडखळतो.

थांबणाऱ्यांनी

थांबायचं ठरलं तर तेही नीट करा. तीस दिवसांचा आराखडा आखा. पहिल्या आठवड्यात कॉटमालकाला आणि अभ्यासिकेत सांगा, अनामत रक्कम परत घ्या. दुसऱ्या आठवड्यात बायोडेटा करा. मधली वर्षं कोरी सोडू नका, "२०२१–२४: राज्यसेवा परीक्षेची तयारी; मुख्य परीक्षेस पात्र" असं सरळ लिहा. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यं पुरे: तयारी केली, इथपर्यंत पोहोचलो, या तारखेला थांबायचं ठरवलं. आवाज खाली नेऊ नका आणि माफीही मागू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज दोन अर्ज.

पदरात काय आहे हे थांबलेल्या मुलांना सहसा दिसत नाही. जमीन महसुलाची माहिती, पंचायत राज, अर्थसंकल्प वाचता येणं, सलग आठ तास बसण्याची सवय, अडचणीच्या विषयावर मराठीत नीट लिहिता येणं. वकिलाच्या कार्यालयात, सहकारी पतसंस्थेत, वृत्तपत्रात, स्वयंसेवी संस्थेत, शिकवण्यात याचा रोज उपयोग होतो. बायोडेट्यात "सामान्य ज्ञान उत्तम" असं लिहू नका. सातबारा वाचता येतो, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो, असं नेमकं लिहा.

पुस्तकं पहिल्या महिन्यात विकू नका. खोके बांधून घरी माळ्यावर ठेवा आणि सहा महिन्यांनी उघडा. तोवर मन स्थिर झालेलं असतं. मग गावातल्या ज्या मुलाला वा मुलीला ती हवीत त्यांना देऊन टाका, आणि सोबत ती चुकांची वहीसुद्धा द्या.